७ मे : विभावरी शिरूरकर यांचा स्मृतिदिन
‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांचे ७ मे २००१ रोजी निधन झाले. माहेरच्या त्या बाळूताई खरे. १९३३ साली प्रकाशक ह. वि. मोटे यांनी त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह काढला. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींची मने त्यात इतकी उघड मांडली होती की लेखिका कोण, यावरून काहूर माजले. इंग्लंडात फॅनी बर्नीची ‘एव्हलिना’ ही कादंबरी १७७८ मध्ये अशीच लेखिकेचे खरे नाव लपवून निघाली होती. अकोल्याशेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी मात्र १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुषतुलना’ स्वतःच्या नावानिशी छापली, तीही पुण्यात. मालतीबाईंच्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) आणि ‘बळी’ (१९५०) या कादंबऱ्यांवरही टोपणनावच राहिले.