खानदेश ते परळ : मुलांच्या रक्तकर्करोगावरील उपचारांची कहाणी

‘टाटाला नेलंय’ हे दोन शब्द जळगाव-धुळ्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ते ऐकले की ओट्यावरच्या गप्पा थांबतात. नेलेला रुग्ण चार-पाच वर्षांचे मूल असेल, तर ‘आता हाती काय लागणार?’ हा प्रश्न कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. १९५० साली तो प्रश्न अगदी रास्त होता. आज तो रास्त राहिलेला नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आज पूर्ण बरा होऊ शकतो. हा बदल कसा घडला, हे शिक्षकांनी जाणून घ्यायला हवे. त्या इतिहासात शाळेच्या पाटीवर मांडता येईल असे एक गणित दडलेले आहे, आणि ते गणित न कळल्यामुळे आजही काही मुले हातची जातात.

रोग कोणता?

आपल्या हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जा म्हणजे रक्तपेशींचा कारखाना. तेथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबिका तयार होतात. कधी कधी पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारातील एखादी अपक्व पेशी बिघडते. ती पक्व होत नाही, पण विभागत मात्र राहते. हळूहळू तिची प्रजा सारा कारखाना व्यापून टाकते. या रोगाला ‘ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ म्हणतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो तुलनेने अधिक दिसतो.

लक्षणे या चित्रावरूनच समजतात. तांबड्या पेशी घटल्या की मूल पांढुरके पडते आणि लवकर दमते. बिंबिका घटल्या की मार न लागताही अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. सक्षम पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत की ताप हटत नाही. मज्जेत दाटी झाली की हाडे ठणकतात, मूल लंगडते.

बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्को यांनी १८४५ साली या ‘पांढऱ्या रक्ता’चे वर्णन केले. रोगाला नाव मिळाले. पण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे डॉक्टरांच्या हाती नावापलीकडे काही नव्हते.

१९३१ : दोन घटना

१९३१ साली सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ल्युकेमियाने मरण पावल्या. पैसा, ओळखी, युरोपातील उत्तम डॉक्टर, कशाचाही उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी पत्नीच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी एक न्यास स्थापन केला होता. पुढे दोराबजींच्या नावाच्या न्यासाने परळला कर्करोगाचे रुग्णालय उभारले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले तेच टाटा मेमोरियल रुग्णालय.

१९३१ ची दुसरी घटनाही परळशीच जोडलेली आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई आणि त्यात अनेकजणी दगावत. त्याचे कारण शोधण्यासाठी ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम केले. तिने या स्त्रियांचा आहार तपासला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. यीस्टपासून बनवलेला ‘मार्माइट’ हा स्वस्त पदार्थ दिला की रक्तक्षय हटतो, असे तिला आढळले. यीस्टमध्ये रक्त तयार होण्यास आवश्यक असे काहीतरी होते. हे निष्कर्ष तिने १९३१ साली प्रसिद्ध केले.

खानदेशच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसात आपल्या तापीखोऱ्याचा कापूसही होता. तो कापूस हाताळणाऱ्या बायांच्या आजारातून जो धागा निघाला, तो फिरून आपल्याच मुलांपर्यंत कसा आला, ते पुढे पाहू.

पालकाच्या पानातील जीवनसत्त्व आणि त्याचा तोतया

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘फॉलिक आम्ल’ हे नाव मिळाले. विल्सच्या यीस्टमधले गूढ द्रव्य ते हेच. पेशी विभागण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते, आणि या कामी फॉलिक आम्ल अत्यावश्यक असते.

हे आम्ल प्रयोगशाळेत बनवण्याचे काम अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, ते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. बोस्टनमधील मुलांच्या रुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांनी सुब्बारावांच्या गटाने बनवलेली या जातीची संयुगे ल्युकेमियाच्या मुलांना देऊन पाहिली. रक्तक्षय बरा होतो, तर कदाचित रक्ताचा हा विकारही सुधारेल, ही अपेक्षा. झाले उलटेच : रोग भडकल्यासारखा दिसला. फार्बर यांनी यातून विचार केला की, फॉलिक आम्लाने ही पेशी फोफावत असेल, तर ते तिच्यापासून तोडले पाहिजे.

सुब्बारावांच्या गटाकडे त्याचेही साधन होते. फॉलिक आम्लाच्या रेणूत अगदी किरकोळ फेरफार करून त्यांनी ‘अमिनोप्टेरिन’ बनवले होते. कुलपात बसणारी, पण न फिरणारी किल्ली अडकली की खरी किल्लीही आत जात नाही, तसेच हे. फॉलिक आम्ल वापरणाऱ्या विकरात हा तोतया रेणू अडकून बसतो आणि पेशीचे विभाजन थांबते. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली होती. ती तात्पुरती होती. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रोग परतला. तरीही ल्युकेमिया औषधाने मागे हटतो, हे प्रथमच दिसले. दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनचे भावंड ‘मेथोट्रेक्सेट’ आजही या उपचारांचा कणा आहे.

अंगणातली सदाफुली

यानंतर एकेक औषध येत गेले. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी बनवलेले ‘सिक्स-मर्काप्टोप्युरीन’ १९५३ पासून वापरात आले. डीएनएच्या घटकांचा हा आणखी एक तोतया. या दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ‘व्हिंक्रिस्टीन’ हे औषध १९६३ पासून वापरात आले. ते मिळते सदाफुलीपासून. मूळची मादागास्करची ही वनस्पती आपल्याकडे अंगणोअंगणी दिसते. मात्र विद्यार्थ्यांना एक गोष्ट बजावून सांगावी : सदाफुलीचा पाला खाऊन कर्करोग बरा होत नाही. ती विषारी आहे. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिले जाते.

एकेक औषध वापरले की रोग हटे आणि पुन्हा येई. १९६० च्या दशकात अमेरिकेतील फ्राय, फ्रायराइश आणि हॉलंड यांनी अनेक औषधे एकत्र देण्यास सुरुवात केली. प्रत्येक औषध पेशीवर निराळ्या जागी घाव घालते, त्यामुळे एकाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. तरीही रोग परते, आणि बरेचदा मेंदूच्या आवरणात. रक्तातील औषध तेथे पुरेसे पोहोचत नव्हते. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूवर किरणोपचार आणि कण्याच्या द्रवात सुईने औषध यांची जोड दिली. १९६० च्या दशकाअखेरच्या त्यांच्या उपचारक्रमात सुमारे निम्मी मुले बरी झाली. ‘पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते’ ही भीती आपल्याकडे अजून ऐकू येते. ती निराधार आहे, आणि त्या सुईवाचून हा रोग बरा होत नाही.

पाटीवरचे गणित

आता ते गणित. निदान होते तेव्हा मुलाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी रोगपेशी असतात. पहिल्या महिन्याच्या औषधांनी त्यांतल्या दर हजारी ९९९ मेल्या असे समजू. उरल्या किती? शंभर कोटी. पण त्या शरीरभर इतक्या विरळ पसरलेल्या असतात की सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा निरोगी दिसते. ताप उतरतो, रंग परततो, मूल खेळू लागते. घरच्यांना वाटते, बरे झाले.

औषधाची प्रत्येक फेरी ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, तर ठरावीक प्रमाणात मारते. हे तत्त्व अमेरिकेतील हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. पुन्हा हजारी ९९९ मेल्या, तर दहा लाख उरतात. पुन्हा तसेच झाले, तर एक हजार. आणि उरलेली एक पेशीही पुन्हा सारी प्रजा उभी करू शकते. म्हणून मूल ठणठणीत दिसत असतानाही उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. सुरुवातीचे काही महिने जोरकस, नंतर रोजची गोळी, आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट आणि ठरलेल्या तपासण्या.

पुन्हा परळ

भारतात औषधे आली, तरी निकाल लगेच आले नाहीत. जोरकस उपचाराने मुलाची प्रतिकारशक्ती खालावे आणि कुपोषित, उशिरा आलेली मुले संसर्गानेच दगावत. १९८४ साली टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने ‘एमसीपी-८४१’ हा उपचारक्रम सुरू झाला. आपल्या परिस्थितीला झेपेल असाच तो आखला होता. पुढे तो चेन्नई व दिल्लीतही वापरला गेला. पूर्वी पाचांतले एखादे मूल वाचे. हळूहळू निम्म्याहून अधिक वाचू लागली. लहानपणी पोलिओ झालेले डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चीतून हे काम करत, हेही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. आज श्रीमंत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुले या रोगातून वाचतात.

घर कसे पेलते?

औषध मिळाले, तरी ते दोन-तीन वर्षे घेत राहणे हे घराचे काम असते. जळगाव ते मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. धुळ्याहून निघालेल्याने पिढ्यान्‌पिढ्या चाळीसगावला गाडी बदलली. आई मुलाबरोबर परळला, बाप शेतावर किंवा मजुरीवर, धाकटी भावंडे आजीकडे, अशी घराची फाळणी होते. आधी बकऱ्या विकल्या जातात, मग दागिने, मग शेत गहाण पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन हात कमी पडले की मोठ्या मुलीची शाळा सुटते. आजारी मूल पटावर असते, पण त्याच्या बहिणीची गैरहजेरी कुणी त्या आजाराशी जोडत नाही.

मूल पहिल्या दोन-तीन महिन्यांत टवटवीत होते, घरात पैसा उरत नाही, पेरणी तोंडावर येते. अशा वेळी ‘आता बरा आहे, दिवाळीनंतर जाऊ’ असा निर्णय होतो. तो निष्काळजीपणाने होत नाही, चुकीच्या गणितामुळे होतो. शंभर कोटी पेशी दिवाळीपर्यंत थांबत नाहीत.

ही गळती थांबवता येते, हेही सिद्ध झाले आहे. २००९ च्या सुमारास टाटा रुग्णालयात पाचांतले जवळपास एक मूल उपचार अर्धवट सोडत असे. राहण्याची सोय, आहार, पैसा, समुपदेशन आणि न आलेल्यांचा पाठपुरावा यांची सांगड घातल्यावर हे प्रमाण काही वर्षांत पाच टक्क्यांच्या आसपास आले. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा, परळचे नाना पालकर रुग्णसेवा सदन, २००६ साली सुरू झालेली सेंट ज्यूडची बालकेंद्रे यांचा यात वाटा आहे. २०१२ साली राज्याची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर चालते. त्याच वर्षी आताच्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करुग्णालय सुरू झाले. जळगावकरांना ते मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ आहे.

शाळेने काय करावे?

निदान शिक्षकाने करायचे नाही. पण हटत नसलेला ताप, पांढुरकेपणा, विनाकारण डाग, हाडांचे दुखणे अशी लक्षणे एकत्र दिसली, तर पालकांना डॉक्टरकडे जायला आणि रक्त तपासून घ्यायला जरूर सांगावे.

उपचार चालू असलेले मूल शाळेत आले, तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, हा रोग शेजारी बसल्याने होत नाही, हे वर्गाला आणि वर्गाच्या पालकांना स्पष्ट सांगावे. गेलेले केस परत येतात, हेही सांगावे. दोन, वर्गात कुणाला गोवर वा कांजिण्या निघाल्या, तर त्याच दिवशी या मुलाच्या घरी निरोप द्यावा. इतरांना किरकोळ वाटणाऱ्या कांजिण्या या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. तीन, त्याचे नाव पटावरून काढू नये, आणि भावंडांच्या हजेरीकडेही लक्ष ठेवावे.

आणि पालक ‘आता बरा आहे’ म्हणाले, तर पाटी घेऊन बसावे. एक लाख कोटी लिहावेत, हजाराने भागावे आणि उत्तर त्यांनाच वाचू द्यावे. भागाकार चौथीच्या मुलालाही येतो. मग पुढच्या तपासणीची तारीख विचारावी, आणि ती वर्गाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.