एका जीपमध्ये तीन देश : क्लचच्या जुळवणीचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण सिंदखेडराजाला जातो, लोणारला जातो. आज मी तुम्हाला जुन्या जीपच्या पोटाखाली नेणार आहे, जिथे इंजिन संपतं आणि गिअरबॉक्स सुरू होतो तिथे. त्या सांध्यात क्लच बसतो, आणि आपल्या भागाचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास तिथे वाचता येतो.

आधी भूगोल बघा. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. स्टेशन मलकापूरला, खाली पूर्णेच्या खोऱ्यात. शहर वर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत. मध्ये राजूर घाट. म्हणजे माणूस असो की माल, चढ चढल्याशिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायचं नाही. आधी सरकारी खात्यांच्या जीप आल्या, मग काळी-पिवळी आली. माणसं दाटीवाटीने भरलेली जीप घाटात पहिल्या गिअरवर उचलायची, तर सगळा भार पहिल्यांदा क्लचवर येतो.

क्लच करतो काय? इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरतं. त्याला चिकटून क्लच प्लेट आणि तिच्यावर दाब देणारी प्रेशर प्लेट. क्लच प्लेटच्या मध्यभागी दाते असतात, ते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, दाब सुटतो आणि इंजिन मोकळं होतं. आता नीट लक्ष द्या. क्लच प्लेटचा बाहेरचा घेर इंजिनच्या बाजूशी जुळावा लागतो आणि आतले दाते गिअरबॉक्सशी. एकाच वस्तूला दोन मालक! दोघं एका घरचे असतील तर प्रश्न नाही. पण आपल्याकडच्या जीपमध्ये ते एका घरचे राहिलेच नाहीत.

ते कसं झालं? मुंबईची महिंद्रा अँड महिंद्रा ही 1945 साली सुरू झालेली कंपनी. तिने विलीस या अमेरिकन कंपनीची जीप भारतात जोडायला घेतली. पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी आली. बॉनेट उंच का? तर हरिकेन इंजिनचे इनटेक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये होते, त्यामुळे इंजिनचीच उंची वाढली. मागे तीन गिअरचा टी-90 गिअरबॉक्स. सगळं अमेरिकन, सगळं इंचात.

त्याच काळात सरकारने धोरण ठरवलं: इथे नुसती जोडणी नको, उत्पादन करा. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. 1954 च्या सुमारास तिने गाशा गुंडाळला. परदेशी सुटे भाग परवान्याशिवाय येईनात. तालुक्याच्या मिस्त्रीपुढे दोनच वाटा उरल्या, भंगार बाजार आणि लेथ.

मग 1973 चं तेलसंकट आलं. पेट्रोल परवडेना, डिझेल इंजिनाचे दिवस आले. महिंद्रानेच बी-275 ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये दिलं. त्या ट्रॅक्टरचं मूळ इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं. नंतर फ्रान्सच्या प्यूजोचं एक्सडीपी इंजिन आलं, ते मेट्रिक मापाचं. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे सगळं जुळवलेलं असायचं. पण गावोगावच्या गॅरेजमध्ये जुन्या पेट्रोल जीपमधून मूळ इंजिन काढून मिळेल ते डिझेल बसवलं गेलं. मागे गिअरबॉक्स अमेरिकन, पुढे इंजिन इंग्रज किंवा फ्रेंच. मधल्या क्लचने तिघांत समेट घडवायचा!

हा समेट कसा होतो? दुकानात जाऊन "महिंद्रा जीपची प्लेट द्या" म्हणून होत नाही. अशा गाडीचं आरसी बुक एक सांगतं आणि पोटात दुसरंच असतं. म्हणून जाणता मिस्त्री नाव विचारत नाही, माप घेतो. फ्लायव्हीलवर घासण्याच्या जागेचा व्यास किती, प्रेशर प्लेटच्या बोल्टची भोकं कुठे, शाफ्टला दाते किती आणि त्याची जाडी काय. प्लेट हाताने शाफ्टवर सरकवून बघायची. ती अडकता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये. प्लेटच्या मध्यभागाचा उंचवटा कोणत्या बाजूला, हे बघायचं. उलटी बसली तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टवर घासतो. डिझेल इंजिनचे धक्के मोठे, म्हणून मध्यभागी धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा दमदार हव्यात.

दोन गोष्टी मात्र हमखास राहून जातात. पहिली, पायलट बुश. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात या बुशवर टेकतं. भोक एका देशाचं, टोक दुसऱ्या देशाचं. बुश लेथवर करून घ्यावाच लागतो. तो ढिला राहिला तर शाफ्ट डोलतो, आणि नवी प्लेट मध्यभागी तडकते. दुसरी, रिलीज बेअरिंगची उंची. फ्लायव्हील लेथवर घासून आणलं की त्याचा पृष्ठभाग इंजिनच्या बाजूला सरकतो आणि बेअरिंगचा हिशेब बदलतो. फ्लायव्हीलला पायरी असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच कापाव्या लागतात. नाही कापल्या, तर एक तर क्लच घसरतो, नाही तर पूर्ण सुटत नाही आणि गिअर किरकिरतो. हे सपाटीवर चालून जातं. राजूर घाटात नाही.

आणि सगळं मधोमध बसवायला साधन कोणतं? भंगारातल्या गिअरबॉक्सचा कापलेला शाफ्ट! तो प्लेटमधून बुशपर्यंत घालायचा आणि मग बोल्ट आवळायचे.

पुढे सुटे भाग देशात होऊ लागले. शेजारच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सीके दाइकिन क्लच बनवायला लागली. आज ती एक्सेडी नावाने ओळखली जाते. भाग मिळू लागले, पण दोन घरच्या गाडीला कोणता भाग बसेल हे कॅटलॉग सांगत नाही. ते मिस्त्रीच्या डोक्यात राहिलं.

आता आजचा प्रश्न. 2021 साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल चालत नाही. नियम म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण त्या व्याख्येत आपली इंजिन बदललेली जीप बसत नाही. मग तिचा मालक मूळ रूपाच्या ध्यासाने डिझेल इंजिन, करून घेतलेला बुश, अ‍ॅडाप्टर प्लेट सगळं भंगारात घालतो. विलीसचा इतिहास तेवढा राहतो, बुलढाण्याचा जातो. कारखान्यातून निघाली तेव्हा ती जीप जगातल्या हजारो जीपसारखीच होती. ती आपली झाली ती या जुळवाजुळवीने.

म्हणून माझी विनंती साधी आहे. बदल जरूर करा, गाडी तुमची आहे. पण गिअरबॉक्स उतरवला की जुनी प्लेट फेकण्याआधी तिचा व्यास, दात्यांची संख्या आणि उंचवट्याची बाजू वहीत लिहा, फोटो काढा, आणि ही जुळवणी कोणी केली ते मिस्त्रीला विचारा. ही माणसं आता थकली आहेत. त्यांनी केलेलं काम गाडीत आहे, पण कागदावर कुठेच नाही. ते कागदावर आणणं आपल्या हातात आहे.