टिलर सुरू होत नाही? आधी त्याचं साल विचारा

कोकणात भातखाचरात चिखलणी करणारा पॉवर टिलर तुम्ही पाहिला असेल. परसबागेतला गार्डन टिलर हा त्याचा धाकटा भाऊ. असा एखादा जुना, बरीच वर्षं पडून राहिलेला टिलर नवशिक्याने दुरुस्त करायचा तर सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर: इतिहासापासून.

1912 साली ऑस्ट्रेलियात, गिलगांड्रा इथे, आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा तरुण वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करून पाहत होता. ताकद घेतली ती वाफेच्या इंजिनाची. माती बाजूला उडायची, म्हणून त्याने इंग्रजी ‘एल’सारखी वाकवलेली पाती बसवली. 1920 मध्ये पेट्रोल इंजिनासह पेटंट घेतलं. आजही कितीतरी टिलरखाली तोच ‘एल’ दिसतो.

पाती सहसा दगा देत नाहीत. अडतं ते इंजिन, आणि बऱ्याचदा त्याची ठिणगी. या छोट्या इंजिनांना बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलजवळून फिरतं, तिच्यात प्रवाह निर्माण होतो, आणि तो नेमक्या क्षणी तोडला की प्लगमध्ये ठिणगी पडते. हे तोडण्याचं काम पूर्वी धातूचे दोन छोटे संपर्क करायचे. आपले मेकॅनिक त्यांना ‘सीबी पॉइंट’ म्हणतात. यंत्र पडून राहिलं की त्यांच्यावर गंज-मळाचा थर चढतो आणि ठिणगी गायब होते.

1982 मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीने ‘मॅग्नेट्रॉन’ आणलं. तेच काम इलेक्ट्रॉनिक्स करू लागलं, पॉइंट गेले. म्हणून सालाला महत्त्व. या कंपनीच्या इंजिनाच्या पत्र्यावर कोड ठोकलेला असतो. तो 780415 असा सुरू झाला, तर इंजिन 15 एप्रिल 1978 चं. म्हणजे पॉइंटवालं. मग फ्लायव्हील काढा, पॉइंट साफ करा, झालं!

थांबा. इथेच माझी एक अख्खी दुपार वाया गेली. पॉइंट घासून लखलखीत केले, तरी ठिणगी नाही. नंतर नीट पाहिलं, तर कुणीतरी पूर्वीच कॉइलवर इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं होतं. जुने पॉइंट नुसतेच आत राहिले होते, त्यांची वायर कापलेली. जुन्या पोथीत मागाहून कुणीतरी ओळी घालाव्यात, तसा हा प्रक्षेप! कोड खरा होता, पण तो इंजिन कधी बनलं एवढंच सांगत होता. पुढे त्याचं काय झालं, हे त्याला कुठून माहीत?

तुमच्या संशोधनातही हेच होणार आहे. प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण, सिनियरने दिलेला डेटा, दोन्हींवर तारीख असेल. त्या तारखेवरून अंदाज जरूर बांधा, पण हत्यार उचलण्याआधी विचारा: मधल्या काळात याला कुणी हात लावला?

आणि टिलरला हात लावण्याआधी प्लगची वायर काढायला विसरू नका.