दलवाईंचा शेवटचा निर्णय
धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क बुडू नये, एवढी तजवीज ब्रिटिश हिंदुस्थानात १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने केली होती. शरीअतीप्रमाणे धर्मत्यागी वारस ठरत नसे, म्हणून या तरतुदीचे मोल मोठे. परंतु भाऊबंदांचा रोष आवरणे कोणत्या अधिनियमाला साधणार? मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी इस्लामचा औपचारिक त्याग केला नव्हता. श्रद्धा मात्र उरली नव्हती, आणि समाजात राहूनच ते बोलत राहिले. १९७० साली पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले, तेव्हा धर्मनिष्ठांचा विरोध प्रखर झाला. ३ मे १९७७ रोजी मुंबईत ते निवर्तले. दफन नको, धर्मविधी नको, ही त्यांची इच्छा. तीनुसार देहाचे दहन झाले. मंडळाचे कार्य पुढे मेहरुन्निसा दलवाईंनी चालविले.