न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना : एका आख्यायिकेचा कालनिर्णय

न्यूट्रॉन ताऱ्याच्या कल्पनेचे जनकत्व कोणाकडे जाते, या प्रश्नाचे एक उत्तर अनेक ग्रंथांतून रूढ झालेले आहे. १९३२ च्या फेब्रुवारीत चॅडविक यांनी केंब्रिज येथे न्यूट्रॉनचा शोध लावला. ती वार्ता कोपनहेगनला पोचली त्याच संध्याकाळी, नील्स बोर व रोझेनफेल्ड यांच्याशी बोलताना, लेव्ह लांदाऊ यांनी न्यूट्रॉनमय ताऱ्यांची कल्पना मांडली, असे ते उत्तर. त्याचा आधार एकच : रोझेनफेल्ड यांनी १९७३ च्या सोल्व्हे परिषदेत सांगितलेली आठवण. घटना आणि साक्ष यांत चार दशकांचे अंतर आहे. हस्तलिखितांचा काळ ठरविणे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांनी एवढ्यावरच सावध व्हावे.

लांदाऊ यांचा यासंबंधीचा निबंध १९३२ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यावर झुरिच, फेब्रुवारी १९३१ अशी नोंद आहे आणि संपादकांकडे तो ७ जानेवारी १९३२ रोजी पोचला. दोन्ही तिथी चॅडविक यांच्या पूर्वीच्या. शिवाय लांदाऊ मार्च १९३१ मध्येच कोपनहेगन सोडून मायदेशी परतले होते. याकोव्हलेव्ह, हेन्सेल, बेम व पेथिक यांनी २०१३ मध्ये ही सर्व साधने तपासून, तो संवाद १९३१ चाच असला पाहिजे, असे दाखविले.

अंतर्गत पुरावा याहून बोलका आहे. न्यूट्रॉन हा शब्द निबंधात कोठेही येत नाही. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन मिळून अणुकेंद्र बनते, हे त्या काळचे मत लेखकाने गृहीत धरले आहे. पदार्थ इतका दाबला जाईल की अणुकेंद्रे एकमेकांना भिडून त्यांचे एकच प्रचंड अणुकेंद्र होईल, एवढेच तो म्हणतो. (सुमारे दीड सूर्यभाराची मर्यादाही त्यात आहे; चंद्रशेखर त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेथे पोचले होते.) रोझेनफेल्ड यांनी काही रचून सांगितले, असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही. जुने संभाषण पुन्हा सांगताना वक्ता नंतर रूढ झालेली संज्ञा नकळत वापरतो, आणि संज्ञेपाठोपाठ तिचा काळही त्या आठवणीला चिकटतो. भाषेच्या अभ्यासकास हा प्रकार अपरिचित नाही.

लांदाऊ यांना घनता दिसली होती. असा तारा कसा जन्मतो, हे त्यांच्या निबंधात नाही. ते श्रेय वॉल्टर बाडे व फ्रिट्झ झ्विकी यांचे होय. डिसेंबर १९३३ मध्ये स्टॅनफर्ड येथील सभेत त्यांनी, सामान्य ताऱ्याचे न्यूट्रॉन ताऱ्यात रूपांतर होताना अतिदीप्त नवताऱ्याचा स्फोट होतो, असे अनुमान सावधपणे मांडले. आज ते तपशिलासह सिद्ध झाले आहे. जड ताऱ्याच्या गाभ्यात अखेर लोह साचते. लोहाच्या मीलनातून ऊर्जा मिळत नाही. गाभ्याचा भार सुमारे १.४ सूर्यभार झाला की तो एका सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो, इलेक्ट्रॉन प्रोटॉनांत दाबले जाऊन न्यूट्रॉन बनतात व न्यूट्रिनो बाहेर फेकले जातात. अशा स्फोटातील न्यूट्रिनो २३ फेब्रुवारी १९८७ रोजी प्रत्यक्ष नोंदले गेले. उरतो तो सुमारे २० ते २५ किलोमीटर व्यासाचा गोल, ज्याच्या एका घनसेंटिमीटरात कोट्यवधी टन द्रव्य असते.

पुढे ओपेनहायमर व व्होल्कॉफ यांचे १९३९ मधील गणित सोडले, तर या कल्पनेकडे फारसे कोणी वळले नाही. एवढी लहान वस्तू दिसणार तरी कशी? १९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसेलिन बेल यांना दर १.३३७ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद आढळले. (१९७४ चे नोबेल पारितोषिक त्यांचे मार्गदर्शक ह्यूइश यांना राइल यांच्यासमवेत मिळाले, बेल यांना नाही, याचे समर्थन करणे कठीण आहे.) निर्णायक पुरावा १९६८ च्या अखेरीस, चिनी निरीक्षकांनी १०५४ साली नोंदविलेल्या स्फोटाच्या अवशेषात, खेकडा अभ्रिकेत मिळाला. तेथील स्पंदक सेकंदाला तीस वेळा फिरतो. या वेगाने श्वेतबटू फिरला तर फुटून जाईल. तोवर बाडे १९६० मध्ये निवर्तले होते, लांदाऊ १९६८ च्या १ एप्रिलला. झ्विकी मात्र हयात होते.