फाल्गुनराव वऱ्हाडात

‘संशयकल्लोळ’ बसवणाऱ्याने आधी पंचांग उघडावं. कृत्तिका, रेवती ही नक्षत्रं. फाल्गुनराव, भादव्या हे महिने! अमरावतीच्या आमच्या हौशी मंडळींतही नक्षत्रं उदंड. तालमीला उगवत नाहीत, एवढंच.

हा संशय मूळचा पॅरिसचा. मोलिएरने तो १६६० साली रंगवला, मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत नेला, देवलांनी १८९३ मध्ये मराठीत आणला. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने तो गाण्यांसह केला. त्याच वर्षी देवल वारले.

आमचे फाल्गुनराव रागावले की ‘काऊन बे भादव्या!’ म्हणत. खोडावं तर नट आखडतो, ठेवावं तर देवल बिघडतात. पण मोलिएरच्या माणसाला देवलांनी मराठी केलंच ना? मग तो वऱ्हाडीत रागावला तर काय बिघडलं? ठेवलं. अकोल्यात पहिला हशा तिथेच पिकला.