स्त्रियांची आदरार्थी उपपदे

स्त्रीच्या नावापूर्वी आदर दर्शविण्यासाठी योजावयाचे शब्द. मराठीत कुमारी (कु.), सौभाग्यवती (सौ.), गंगाभागीरथी (गं. भा.) आणि श्रीमती ही उपपदे रूढ आहेत. लग्नपत्रिकेत वर केवळ ‘चि.’ असतो, तर वधू ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असते. ‘श्री.’वरून पुरुष अविवाहित, विवाहित वा विधुर आहे, याचा बोध होत नाही. स्त्रीच्या बहुतेक उपपदांवरून मात्र तिची वैवाहिक स्थिती प्रथम कळते. हा भेद राखावा काय, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

जुन्या मराठी पत्रांच्या मायन्यांत सधवेस ‘वज्रचूडेमंडित’ व विधवेस ‘गंगाभागीरथीसमान’ अशी विशेषणे लावीत. दुसऱ्या विशेषणात नदीचे पावित्र्य सूचित असले, तरी त्याने वैधव्याची खूण नावास कायमची जोडली जाई. विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध मानणाऱ्या उच्चवर्णीयांच्या आचाराशी ते सुसंगत होते. सर्व समाजाचा आचार मात्र तसा नव्हता. ब्रह्मपुरी, वडसा व गडचिरोली या झाडीपट्टीच्या भागातील कुणबी, गोंड इ. समाजांत विधवेचा पुनर्विवाह पूर्वापार मान्य असून कुणब्यांत त्यास ‘पाट’ म्हणत. जेथे वैधव्य ही आयुष्यभराची अवस्था नव्हे, तेथे ती कायम ठरविणारे उपपद लोकाचाराशी जुळत नाही.

‘श्रीमती’ हे ‘श्रीमत्’ या संस्कृत शब्दाचे स्त्रीलिंगी रूप असून व्युत्पत्तीने त्यात विवाहाचा काहीही संबंध नाही. तथापि हिंदीत ते विवाहितेचे उपपद बनले, तर मराठी बोलव्यवहारात ते पुष्कळदा विधवेचे समजले जाते. पूर्वीचा चांदा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रांत व नंतर मध्य प्रदेश या राज्यांत होता. तेथे हिंदी व मराठी या दोन्ही भाषा व्यवहारात असल्याने एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदले. अर्थ शब्दात नसून रूढीत आहे, हे यावरून दिसते.

विधवांच्या पुनर्विवाहास १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली; परंतु रूढी व संबोधने मागे राहिली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याविषयी सुचविले. एप्रिल २०२३ मध्ये मात्र राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गं. भा.’ हे उपपद योजण्याची सूचना विचारार्थ मांडली. तीवर टीका झाल्यावर असा निर्णय झालेला नसल्याचे स्पष्ट करण्यात आले. सन्मानासाठी योजलेले नावही स्त्रीस तिच्या दुःखावरून ओळखते, हाच या वादाचा गाभा होता.

अन्यत्रही हा प्रश्न उपस्थित झाला. इंग्रजीत ‘मिस’ व ‘मिसेस’ यांऐवजी वैवाहिक स्थिती न सांगणारे ‘मिझ’ १९०१ मध्ये अमेरिकेत सुचविले गेले व १९७० नंतर रूढ झाले. पश्चिम जर्मनीने १९७२ मध्ये ‘फ्रॉइलाइन’ व फ्रान्सने २०१२ मध्ये ‘मादमोआझेल’ ही कुमारीवाचक उपपदे शासकीय व्यवहारातून वगळली.

मराठीस याकरिता नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. सौभाग्यवती म्हणवून घेण्यात जिला आनंद वाटतो, तिने ते खुशाल लावावे. परंतु शाळेच्या नोंदवहीत, शिधापत्रिकेवर वा मतदारयादीत ‘श्रीमती’ हे एकच उपपद सर्व प्रौढ स्त्रियांस लावल्यास त्याचा मूळ अर्थ पुन्हा प्रस्थापित होईल आणि ‘श्री.’च्या बरोबरीचा आदर स्त्रीस मिळेल.